शेऱ्याचा रकाना

सर,

स. न. वि. वि.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं ‘सर’. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आज सकाळी लातूरहून एका गिऱ्हाईकाचा फोन आला, ‘तुमच्या वेबसाइटवर बघून आमच्या इथल्या दुकानात गेलो, पत्ता बरोबर निघाला.’ एवढंच. फोन ठेवला आणि जरा वेळ काहीच सुचेना.

आमचं दुखणं तुम्हाला ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना. बाबांनी २००६ साली हौसेनं ईग्रुपवेअर, म्हणजे ऑफिसच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, बसवून घेतलं. तेव्हापासून व्यापाऱ्यांचे पत्ते, फोन, भेटीगाठी, सगळं त्यात. वेबसाइट पुष्कळ नंतरची, ड्रुपल नावाच्या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर केलेली. दोघांची एकमेकांशी ओळखदेख नव्हती. ऑफिसातली मुलगी पत्ता एकीकडे बदलायची, दुसरीकडे राहून जायचा. तिला काय बोलणार? एकच काम दोनदा करायला लावलं की कुणाचंही असंच होतं.

ही दोन्ही जोडून द्यायला तुमच्याआधी दोन जण येऊन गेले. पहिले मोठ्या शहरातले, गळ्यात ओळखपत्र घालून आले होते. त्यांनी जोडणी केली तेव्हा वेबसाइटवर मराठीच्या जागी डोक्यावर टिंबं-रेघा असलेली विलायती अक्षरं उमटली. ‘मॅडम, डेटा करप्ट आहे. जुनं फेका, नव्यानं टाइप करून घ्या.’ आणि लगेच नव्या सॉफ्टवेअरचं कोटेशन पुढे. दुसरा ओळखीतलाच. त्यानं डेटाबेसचा रूट पासवर्ड, म्हणजे सगळी कुलपं उघडणारी किल्ली, वेबसाइटच्या फाइलीत जसाच्या तसा लिहून ठेवला आणि पैसे मिळाल्यावर फोन उचलायचं सोडलं. त्याच्याबद्दल आणखी लिहीत नाही, गावात तोंड दाखवायचंय मला.

तुम्ही आलात सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी. ऑफिस बंद, कुणाचं काम अडायला नको, म्हणून तो दिवस तुम्हीच निवडलात. ‘संमती कट्ट्यावर अक्षता पडायच्या आत मोकळं करा की मला,’ म्हणालात. मग ती विलायती अक्षरं बघून चक्क हसलात. पाठकोऱ्या चलनावर ‘सोलापूर’ लिहिलंत आणि मोजून दाखवलंत: स, ओकार, ल, काना, प, उकार, र, अशी ७ चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे २१. आणि स्क्रीनवरची अक्षरं मला मोजायला लावलीत. एकवीसच भरली!

‘प्रश्नचिन्हं असती तर मी पण हात टेकले असते. हे वाकडंतिकडं आहे, म्हणजे आत सगळं शाबूत आहे.’

हे वाक्य मी त्या रात्री आईला जसंच्या तसं सांगितलं. तिला यूटीएफ कळत नाही, शाबूत कळतं.

घोळ एवढाच होता की पत्त्यांचं जुनं टेबल ‘लॅटिन१_स्वीडिश’, म्हणजे युरोपीय अक्षरांसाठीचं, होतं. सोलापूरच्या टॉवेलवाल्याचा स्वीडनशी काय संबंध, असं मी विचारलं. मायएसक्यूएल हे आमच्या डेटाबेसचं सॉफ्टवेअर काढणारी कंपनी मूळची तिकडची, आणि तेव्हा आपण काही सांगितलं नाही की ते हेच धरून चालायचं, असं तुम्ही सांगितलंत. ईग्रुपवेअर चुकीचं लिहायचं आणि त्याच चुकीनं वाचायचं, म्हणून तिथं मराठी ठीक दिसे. ड्रुपल सरळ वाचायला गेलं आणि उघडं पडलं. जुन्या टेबलाला तुम्ही बोटही लावलं नाहीत. त्यावर एक व्ह्यू बांधलात, म्हणजे टेबलाकडे बघायची खिडकीच, अक्षरं वाटेतच सुधारून देणारी. पुढची सेटिंगं माझ्या डोक्यावरून गेली. एवढंच लक्षात राहिलं की ड्रुपल दुसऱ्या डेटाबेसकडे गेलं की काम झाल्यावर त्याला परत घरी आणायचं, नाहीतर ते स्वतःची टेबलं परक्याच्या घरात हुडकत बसतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

व्ह्यू बांधताना तुम्ही एकेक रकाना उघडून बघत होतात. नाव, गाव, फोन. मग शेऱ्याचा रकाना आला. बाबांना प्रत्येक व्यापाऱ्यापुढे शेरा लिहायची सवय होती. पहिलीच ओळ सुधारून समोर आली: ‘पैसे उशिरा देतो, बुडवत नाही. मुलीच्या लग्नाला जाणे.’ तुम्ही तेवढी वाचलीत, मान वळवलीत आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवलात. ‘हे तुमच्या घरचं आहे. हा रकाना मी घेत नाही,’ म्हणालात आणि चहा प्यायला बाहेर गेलात. चहा तर तुम्ही नुकताच घेतला होता.

बाबांना जाऊन तेव्हा ३ वर्षं झाली होती. मी एकटी बसून पन्नासेक शेरे वाचले. आधीच्यांनी हा रकाना सरसकट वेबसाइटवर चढवला होता. मराठी नीट दिसलं असतं तर आमच्या निम्म्या व्यापाऱ्यांनी आपापली अब्रू गिऱ्हाइकासोबत वाचली असती!

परत आल्यावर वेबसाइटसाठी तुम्ही वेगळा युजर काढलात, फक्त तो व्ह्यू वाचू शकेल असा. आणि मलाच म्हणालात, ‘एक नोंद उडवून बघा.’ माझा हात काही पुढे होईना. शेवटी एंटर दाबलं, तर एरर ११४२, परवानगी नाही. ‘बघा, आता इथनं माझी बुद्धी फिरली तरी काही पुसता येणार नाही.’ स्वतःलाच बाहेर ठेवून कुलूप लावणारा कारागीर मी पहिल्यांदा बघितला. हुशार माणसं मिळतात हो, पैसे टाकले की मिळतात. दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर कुठं बघायचं नाही हे कळणारी कुठल्या कोटेशनात येतात?

पैसे तुम्ही ठरलेले घेतलेत, पावती दिलीत, ते मला फार आवडलं. चादर घेतली नाहीत, शेंगाचटणी मात्र घेतलीत.

काल ईग्रुपवेअरमध्ये तुमची नोंद केली आहे. नाव, गाव, फोन, आणि बाबांच्या पद्धतीनं शेरासुद्धा. तो काय आहे हे तुम्हाला वेबसाइटवर दिसायचं नाही. तो रकाना तुम्हीच वगळलाय.

आपली,
टॉवेलवाल्यांची मुलगी