खिडक्या काढू नकोस, आधी पाणी बघ

शुक्रवार पेठ, कोल्हापूर

प्रिय बाळू,

माडीवरच्या सडलेल्या सागवानी खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या बसवतो म्हणतोस, पण त्या अ‍ॅल्युमिनियमवाल्याला इसार दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर त्याच्याकडनं न्हाणीघराची खिडकी करून घे, तिथं चालतंय. माडीवरच्या सागवानी खिडक्यांना मात्र हात लावू देऊ नकोस. तू पाठवलेले फोटो मोठे करून बघितले. उभी लाकडं आणि वरची पट्टी ठणठणीत आहेत, सडलीय ती खालची आडवी पट्टी, आणि तीही सगळी नाही. वीतभर लाकडापायी आख्खी खिडकी भंगारात घालायची म्हणजे दात दुखतोय म्हणून जबडा काढण्यातला प्रकार झाला, मर्दा.

आमच्या खिडक्यांचं काम याच उन्हाळ्यात झालं, त्यामुळं सगळं डोक्यात ताजं आहे. आलागेला प्रत्येकजण म्हणायचा, पुरानं सडल्या. 2019 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, 2021 ला पुन्हा तेच. सुतारवाड्यात पाणी शिरलं की आम्ही सामान माडीवर चढवायला घेतो, हे तुला ठाऊकच आहे. तळमजल्याच्या खिडक्या दोन्ही वेळा पाण्यात होत्या, पण त्या अजून धडधाकट. सडल्या त्या माडीवरच्या, जिथं पुराचं पाणी कधी पोचलंच नाही! लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते. बुडालेल्या लाकडात तिला हवा मिळत नाही, आणि पूर ओसरल्यावर आपण दारंखिडक्या सताड उघडी टाकून सगळं खडखडीत वाळवतो. वाट लागते ती थोडं थोडं भिजून कधीच पुरतं न वाळणाऱ्या लाकडाची.

म्हणून मिस्त्री बोलवायच्या आधी पाणी कुठनं येतंय ते शोध. तुझ्या खिडक्या पश्चिमेच्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाऱ्याबरोबरची झड सरळ त्यांच्याच अंगावर.

पहिला संशय गजांवर घे. पाऊस गजावरून ओघळत खाली येतो आणि गज ज्या भोकात बसवलाय त्या भोकात मुरतो. तिथनं त्याला बाहेर पडायला वाट नाही. आमच्या मिस्त्रीनं पटाशीचं टोक गजाच्या बुडाशी टेकवून नुसतं दाबलं, तर पातं बोटभर आत गेलं. वरचा हिरवा ऑइलपेंट मात्र जागेवर, साधी चीरसुद्धा नाही. त्यानं रंगाचं ते साल उचलून दाखवलं. खाली तपकिरी लाकूड, आडव्या-उभ्या भेगांनी चौकोनी तुकडे पडलेलं, चिमटीत धरलं की पीठ. वर्षानुवर्षं रंगावर रंग चढत गेला आणि आत शिरलेलं पाणी आतच कोंडलं. त्यात गंज चढला की गज फुगतो, फुगला की लाकूड चिरतो आणि त्या चिरेतून आणखी पाणी जातं. तुझ्याकडे वाळवीची शंका कुणी काढली तर आत माती आणि बाहेर मातीच्या नळ्या आहेत का बघ. नसतील तर ही नुसती कूज.

दुसरा संशय बाहेरच्या गिलाव्यावर. काकांनी चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला ना? चुना ओल घेतो तशी सोडतो. सिमेंटच्या मागं शिरलेली ओल भिंतीतच बसते, आणि चौकटीची दोन्ही टोकं भिंतीतच. लाकूड टोकाकडनं सगळ्यात जास्त पाणी पितं. त्यात गवंड्यानं गिलावा खालच्या पट्टीच्या कडेवर चढवलेला दिसतोय, म्हणजे पाणी तिथंच थांबणार. तेवढा भाग फोडून चुन्यात करून घे.

आता सुताराचं काम. टोच्यानं टोचत टोचत जायचं आणि कडक लाकूड लागलं की त्याच्याही पुढं दोन-तीन इंच कापायचं. सडक्याला लागून थोडं जरी ठेवलंस तर बुरशी तिथनंच पुन्हा सुरू. नवा तुकडा जुन्याच सागवानाचा घे. पाडलेल्या वाड्यांचं लाकूड वखारीत मिळतं. त्यातही गाभ्याचं बघून घे, कडेचं पांढरं नको. साग टिकतो तो गाभ्यामुळं, पांढरं लाकूड कुठल्याही झाडाचं असो, सडतंच. सांधा तिरपा, पाणी बाहेर घसरेल अशा उताराचा. चिकटवायला पाण्यात टिकणारा फेविकॉल मरीन, साधा पांढरा नको, आणि स्क्रू पितळी. पट्टीला बाहेरच्या अंगाला ढाळ हवाच. शिवाय पुढं आलेल्या कडेच्या खालच्या बाजूला करवतीनं एक खाच पाडून घे, म्हणजे थेंब तिथंच तुटून खाली पडतो, मागं वळून भिंतीकडं जात नाही. आमचा मिस्त्री ही खाच पाडायला कुरकुरत होता, "कोण वाकून बघणाराय?" म्हणाला. पाऊस बघतो की!

बसवायच्या आधी तुकड्याला सगळ्या बाजूंनी प्रायमर, टोकांना दोनदा, आणि भिंतीत जाणाऱ्या भागाला डांबर. गज घासून रेडऑक्साइड लावायचा आणि त्याच्या बुडाशी फट राहू द्यायची नाही. बारीक भोकांना लांबी (पुट्टी) चालते, पण सडका खड्डा नुसती लांबी भरून रंगवून देतो म्हणणाऱ्या रंगाऱ्याला चहा पाजून वाटेला लाव. दोन पावसाळ्यांत तो पुन्हा दारात उभा राहील.

रंग काढताना कोरडा घासू देऊ नकोस, दिवा लावून जाळूही देऊ नकोस. जुन्या रंगात शिसं असायचं. घरगुती रंगात 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) वर शिसं नको हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला आणि तुझ्या खिडक्यांवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. ओला घासायचा, आणि तेवढे दिवस नातीला माडीवर जाऊ द्यायचं नाही.

घाई करू नकोस. आता पाऊस उघडलाय, लाकूड वाळू दे. काम फेब्रुवारी-मार्चात काढ, वळवाच्या आत शेवटचा हात झाला पाहिजे. आणि पावसाळ्यात घट्ट झालेल्या त्या झडपा आत्ता रंध्यानं तासू नकोस, उन्हाळ्यात आपोआप सैल होतील. तासल्यास तर मे महिन्यात बोटभर फट.

दिवाळीला येशील तेव्हा खालच्या पट्टीची जाडी, रुंदी आणि दोन गजांमधलं अंतर मोजून आण. रुंदी आतल्या अंगानं मोज, बाहेर गिलाव्यानं झाकलीय. वखारीत तेवढ्या जाडीचं सागवान आलंय का मी विचारून ठेवतो. मिस्त्री आमचाच घेऊ, फक्त खाचेचं तू सांग, माझं तो ऐकत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विज्या