विन्या, तुझा अर्धा शाळिग्राम

पुणे, १८ जून

प्रिय विन्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. फोन केला असता, पण आई शेजारच्याच खोलीत असते. तिची नजर गेलीय, कान नाही. आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर आमची ही वाचते. तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे.

शाळिग्राम परत आलाय. म्हणजे, आईच्या मते.

मे महिन्यात आम्ही इंग्लंडला मंदारकडे होतो. एका रविवारी त्याने सगळ्यांना पहाटे उठवून गाडीत कोंबलं. ब्रायटनच्या पूर्वेला पीसहेवन म्हणून गाव आहे, तिथे ओहोटी गाठायची होती. डोक्यावर पांढराशुभ्र कडा, शाळेतला खडू सरळ उभा करावा तसा, आणि त्यात आडव्या काळ्या रेघा. त्या रेघा गारगोटीच्या. बाकी सगळा कडा डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळाच्या कवचांचा. हजार वर्षांत जेमतेम एक-दोन सेंटीमीटर थर साचायचा म्हणे. मी मान वर करून हिशोब करत बसलो, तर मंदार ओरडला, "बाबा, कड्याखाली उभे राहू नका, कधीही ढासळतो." त्याचे नियम पाठ झाले माझे: कड्यापासून लांब राहायचं, भरतीच्या आधी परत फिरायचं, सुटं पडलेलं तेवढंच उचलायचं, हातोडी अजिबात नाही. हातोडी म्हटल्यावर मला कोण आठवलं असेल?

ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकात ॲमोनाइट होते रे, चक्राकार शंखांचे जीवाश्म! परातीएवढे, काही त्याहून मोठे, पाण्यात वेटोळं घालून बसलेले. ते कोणी उचलत नाही, उचलणारही नाहीत. मी गुडघ्यावर बसून एकावर हात फिरवला. ही म्हणाली, "नमस्कार करताय का?" खोटं कशाला सांगू, हात जोडले गेले होते. दशम्यांचा डबा वाऱ्याने उलटा झाला, तेव्हा कुठे मी उठलो.

सापडलं मात्र ईराला. सातच वर्षांची आहे, पण नजर घारीची. गोट्यांमधून लिंबाएवढा काळसर दगड उचलून म्हणाली, "आजोबा, यावर चांदणी कोणी काढली?" पाच पाकळ्यांची, ठिपक्याठिपक्यांची. समुद्री अर्चिन, विन्या, तो काटेरी गोळ्यासारखा समुद्रातला जीव! कवचात गारगोटी भरून झालेला. सुमारे ८ कोटी वर्षांचा. आपल्या पायाखालचा लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे वेताळ टेकडी त्याच्यापुढे कालची पोर. त्या भागातले मेंढपाळ पूर्वी असे दगड खिडकीत ठेवायचे, घरावर वीज पडू नये आणि दूध नासू नये म्हणून. ईराने तो मला दिला. डिसेंबरमध्ये आली की तपासणार आहे, नीट ठेवलाय का ते.

इथवर सगळं छान. परत आल्यावर बॅग उघडली आणि मोज्यात गुंडाळलेला तो दगड घरंगळत थेट आईच्या पायाशी गेला. तिने चाचपला, बोट फिरवलं. मग म्हणाली, "सापडला? कुठे होता रे?"

आणि मी म्हणालो, "माळ्यावरच्या ट्रंकेत."

का म्हणालो, विचारू नकोस. पंचेचाळीस वर्षं होऊन गेली, पण त्या एका विषयावर माझ्या तोंडून आपोआप खोटंच येतं. "झिजला गं बाई," म्हणत तिने तो देवघरात नेऊन ठेवला. रोज तुळशीपत्र, रोज नैवेद्य. ईराचा अर्चिन सध्या केशरी दूध पितोय.

हसलास ना? मीही हसत होतो, चार दिवस. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "उगाच त्या यमुनावर संशय घेतला मी. तिला शोधून सांगून ये."

तुला आठवतंय ना सगळं? फर्ग्युसनला एस.वाय.ला होतो. सगळी वेताळ टेकडी पालथी घातली आणि सर म्हणाले, "लाव्हाच्या बेसॉल्टमध्ये जीवाश्म? तापल्या तव्यावर मुंग्या शोधताय का?" मग तुलाच आठवलं की गंडकीचा शाळिग्राम म्हणजे ज्युरासिकमधला ॲमोनाइट. अख्ख्या सदाशिव पेठेत हाताशी असलेला एकमेव जीवाश्म आमच्या देवघरात, पणजोबांना काशीत साधूने दिलेला. कॉलेजमागच्या टेकडीवर नेला. घाव तू घातलास, मी फक्त धरला होता. हातोडी माझी होती असं तू म्हणतोस, डिपार्टमेंटची होती. असो. आतलं चक्र बघून आपण दोघं कसे नाचलो होतो! आणि मग घरी जायच्या वेळी पाय कसे लटपटले.

आईने यमुनाबाईंना कधी काही विचारलं नाही. फक्त तांब्याची भांडी कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली कमरेला. दिवाळीनंतर त्या यायच्या बंद झाल्या. मी तेव्हा पाहत होतो, विन्या. तू घरी गेला होतास नागपूरला, मी रोज पाहत होतो.

परवा आपल्या गुरुजींना आडून विचारलं, की शाळिग्राम भंगला तर विसर्जन करायचं का? ते म्हणाले, "छे! मूर्तीचं वेगळं. शाळिग्राम भंगला तरी पूज्यच." म्हणजे आपण ते दोन तुकडे त्याच दिवशी देवघरात ठेवले असते, तर एक-एक थोबाडीत खाऊन मोकळे झालो असतो.

आषाढीला आई अभिषेक करवून घेणार आहे. गुरुजींचे डोळे शाबूत आहेत. चांदणी बघितली की विचारतीलच. त्याआधी मला तिला सांगायचंय, आणि रिकाम्या हाताने सांगवत नाही. माझा अर्धा कंपासपेटीत आहे. तुझा अजून आहे ना? "पेपरवेट केलाय" असं एकदा म्हणाला होतास, ते चेष्टेतच असू दे. कुरिअर करू नकोस, स्वतः घेऊन ये. तू समोर असलास तर आई अर्ध्या शिव्या तुला देईल.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिन्मयचं जमलं असं ऐकलं, पत्रिका येऊ दे. तुझं पेन्शनचं मिटलं का?

तुझा,
सुध्या

ता. क. यमुनाबाईंचं आडनाव काय होतं रे? दांडेकर पुलाच्या बाजूने यायच्या, एवढंच आठवतं. आईला विचारलं, तर म्हणाली, "यमुना. आणखी काय असणार?"