इअरप्लग वाटून कान वाचत नाहीत

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गोंगाटात काम करणाऱ्यांना कानाच्या संरक्षणाचे प्रशिक्षण दिल्याची नोंद रजिस्टरात सहज सापडते. पडद्यावर चार चित्रे, कानाच्या भागांची नावे, शेवटी सही आणि हातात इअरप्लगचे पाकीट. एकाही कामगाराच्या कानात तो प्लग नीट बसला का, हे मात्र कोणी पाहिलेले नसते. आमच्या मते या प्रशिक्षणाचा निम्म्याहून अधिक वेळ प्लग घालण्यात आणि तो तपासण्यात गेला पाहिजे. तेही पाच-सहा जणांच्या गटात, सभागृहात शंभर जण बसवून नव्हे.

फोमचा प्लग घालण्याची रीत अशी. आधी हात धुवायचे, कारण बोटांवरचे तेल आणि धातूचा कीस थेट कानात जातो. मग प्लग वातीसारखा बारीक आणि सरळ वळायचा. त्यावर घडी पडली तर फोम फुगल्यावरही तिथे फट राहते आणि आवाजाला तेवढी वाट पुरते. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा. कानाची नळी वाकडी असते, ती ओढल्याने सरळ होते. नेमकी हीच पायरी सगळे गाळतात आणि प्लग अर्धाच आत जातो. शेवटी बोटाने 20 ते 30 सेकंद दाबून धरायचा. लगेच सोडला तर फुगता फुगता तो बाहेर सरकतो. काढताना सावकाश, किंचित पिळत काढावा. हिसका दिला तर कानाच्या पडद्यावर ताण येतो.

तपासणीला उपकरण लागतेच असे नाही. समोरून पाहताना प्लगचे टोक कानाबाहेर डोकावत असेल तर तो पुन्हा घालावा. चालू मशीनजवळ उभे राहून दोन्ही तळवे कानांवर दाबायचे आणि सोडायचे. आवाजात ठळक फरक पडला, तर प्लग काम करत नाही. स्वतःचे बोलणे मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखे घुमले, तर बसला. प्रत्येक कानात प्रत्यक्षात किती डेसिबल अडले हे मोजणारी यंत्रणाही मिळते आणि मोठ्या कारखान्यांनी ती वापरावी. एकाच मापाचे प्लग सगळ्यांना वाटण्यातली चूक त्यात लगेच उघडी पडते, कारण अरुंद नळीच्या कानात मोठा प्लग कितीही कौशल्याने घातला तरी टिकत नाही.

प्लग किती आवाज अडवतो हे सांगणारा पाकिटावरचा 33 डेसिबलचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, कामाच्या जागी तेवढा आवाज अडत नाही. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील नायॉश या संस्थेने तर फोमच्या प्लगसाठी छापील आकड्याचा निम्माच धरावा असे सुचवले होते.

आता वेळेचे गणित, जे कामगाराला फळ्यावर मांडून दाखवलेच पाहिजे. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा धरली, तर दर 3 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट आणि मुभा निम्मी होते. म्हणजे 88 ला चार तास, 94 ला एक तास, 100 ला अवघी पंधरा मिनिटे. (काही कायदे अजून 90 ची मर्यादा धरतात, शिकवताना 85 च धरावी.) हेच गणित प्लगलाही लागू होते. 30 डेसिबल अडवणारा प्लग आठ तासांतला एकूण अर्धा तास कानाबाहेर राहिला, तर दिवसभराचे संरक्षण उरते सुमारे 12 डेसिबल. ‘जरा बोलायला काढला’ याची किंमत इतकी आहे.

पण तो काढावा का लागतो, हेही विचारायला हवे. अनेकदा दोष अतिसंरक्षणाचा असतो. कानापर्यंत पोहोचणारा आवाज 75 ते 80 डेसिबलच्या आसपास राहावा. 70 च्याही खाली गेला तर धोक्याचा भोंगा आणि सहकाऱ्याची हाक ऐकू येत नाही, मग माणूस प्लग खिशात टाकतो. अशा जागी सर्वांत जास्त आवाज अडवणारा प्लग देणे ही काळजी नसून आळस आहे.

इअरमफचे, म्हणजे कान झाकणाऱ्या गादीदार कपांचे, दुखणे वेगळे. चष्म्याची काडी, टोपीची कड किंवा केस गादीखाली आले की सील तुटते. घामाने गाद्या कडक होतात, डोक्यावरची पट्टी ताणून सैल होते. हे भाग ठरावीक काळाने बदलायचे असतात, हे स्टोअरवाल्यालाही शिकवावे. कापसाचे बोळे आणि गाण्यांचे इअरफोन यांना संरक्षण म्हणू नये.

अर्थात हवेच्या नोझलला सायलेन्सर, माल घसरत नेणाऱ्या धातूच्या पन्हळीला रबराचे अस्तर, झिजलेल्या बेअरिंगची बदली हे आवाज मुळातच कमी करणारे उपाय प्लगच्या आधीचे आहेत.

राहिली श्रवणचाचणी. आतल्या कानातील आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. आवाजाने झालेली इजा चाचणीच्या आलेखावर आधी बहुधा 4000 हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाच्या, आसपास खाच होऊन दिसते. त्या वेळी माणसाला सगळे ऐकू येत असते, फक्त गर्दीत स, फ, थ असे वर्ण निसटतात. पहिली चाचणी किमान 14 तास गोंगाटापासून दूर राहिल्यावर घ्यावी, नाहीतर शिफ्टनंतरचा तात्पुरता बधिरपणाच मूळ पातळी म्हणून नोंदला जातो. पुढच्या चाचणीत 2000, 3000 आणि 4000 हर्ट्झची सरासरी 10 डेसिबलने घसरली, तर आलेख फाइलला लावून मोकळे होऊ नये. त्या कामगाराला बोलवावे, प्लग घालून दाखवायला सांगावे आणि गरज पडली तर त्याच दिवशी माप बदलून द्यावे.

आपले नम्र,
औद्योगिक सुरक्षा प्रशिक्षण क्षेत्रातील काही वाचक