पौष्टिक आहे, पण पोट भरतं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आहाराविषयी वर्तमानपत्रांत इतकं छापून येतं की माझ्याकडे कात्रणांची एक फाइलच झाली आहे. महिनाअखेरीला मात्र त्यातलं एकही कात्रण कामाला येत नाही. कॅलरी मोजलेल्या असतात, जीवनसत्त्वं मोजलेली असतात, पण जेवून उठल्यावर दोन तासांत घरची माणसं डबे उचकायला लागतील की नाही, याबद्दल अवाक्षर नसतं. किराण्याचे पैसे बेताचे असले की खरा प्रश्न तोच असतो. जेवण कमी पडलं की बिस्किटांचा पुडा फुटतो आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात. माझा हिशेब तरी कित्येक महिने तिथेच चुकत होता.

कोणत्या पदार्थाने पोट किती भरतं, हे प्रत्यक्ष मोजून झालेलं आहे. सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थ घेतले. प्रत्येकाचा सारख्याच, म्हणजे साधारण २४० कॅलरींचा वाटा लोकांना खायला दिला आणि पुढचे दोन तास त्यांना भूक किती वाटते ते विचारत राहिले. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले आणि लोणीदार क्रॉसाँ या फ्रेंच पावाला ४७. ओटच्या लापशीला २०९. प्रयोग लहान होता, त्याला वेदवाक्य मानायचं कारण नाही. पण आमच्याकडे वजनाच्या धास्तीने बटाटा हद्दपार झाला होता, तो या आकड्यांमुळे परत आला. उकडलेला, बरं का. तळलेल्या बटाट्याची वकिली मी करत नाही.

दुसरा आधार कडधान्यांचा. १०० ग्रॅम कोरड्या कडधान्यात साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात. तक्त्यांत हाच आकडा छापतात आणि वाचणारा फसतो, कारण ताटात कोरडे दाणे येत नाहीत. शिजल्यावर पाणी पिऊन वजन दुपटीच्या पुढे जातं, त्यामुळे शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये ७ ते ९ ग्रॅमच भरतात. म्हणून चमचाभर आमटीत भागत नाही, चांगली वाटीभर हवी. सोबत कोणतंही धान्य असलं की झालं. लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे घटक. धान्यात लायसिन कमी असतं ते कडधान्य भरून काढतं, आणि कडधान्यात मेथिओनिन कमी ते धान्य.

हे सगळं माहीत असूनही अडतं कुठे? रात्री भिजत घालायचं राहून जातं, तिथे! सकाळी रिकामं पातेलं बघितलं की बाहेरून काहीतरी आणण्याचं निमित्त मिळतं. आता मी एकदम दुप्पट भिजवते, शिजवते आणि गार झाल्याबरोबर निम्मं डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाकते. गॅसही एकदाच जळतो.

गॅसवरून आठवलं. बचतीच्या नादात मी एकदा लाल राजमा मंद आचेवर नुसता मऊ होईपर्यंत ठेवला, आणि त्या रात्री घरातला एकही माणूस धड झोपला नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. मंद आचेने ते जात नाही. किमान पाच तास भिजवायचं, ते पाणी ओतून द्यायचं आणि ताज्या पाण्यात राजमा खळखळून उकळायचा. १० मिनिटं तरी, अर्धा तास झाला तर उत्तम. ही ओळ पाककृतीत ठळक छापायला हवी.

भाज्यांच्या बाबतीत मी अजून हरतेच आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते, आणि त्यात माझा लाडका बटाटा धरत नाही. चौघांच्या घरात रोज तेवढं जमत नाही. पण एक महिनाभर काय फेकलं ते वहीत लिहून पाहिलं, तर जवळजवळ प्रत्येक पानावर पालेभाजी होती: ओल्या पिशवीत, फ्रीजच्या तळाशी, काळी पडलेली. तेव्हापासून पालेभाजी आणली त्याच दिवशी करते. आठवड्याच्या शेवटच्या दिवसांसाठी कोबी, गाजर आणि गोठवलेले मटार. फ्लॉवरचे दांडे सोलून बारीक चिरले तर कुणाला कळतही नाही. जेवताना लिंबू पिळलं की डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागायला मदत होते. लगेच वर चहा घेतला की उलटं होतं. चहा तासभर पुढे ढकलायला काही खर्च नाही, फक्त आमच्याकडे भांडण होतं.

तेव्हा विनंती एवढीच. आपल्या पुरवणीतल्या पाककृतींखाली कॅलरींच्या बरोबरीने तीन गोष्टी छापाव्यात: किती माणसांचं पोट भरेल, आदल्या रात्री काय भिजवायचं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी कशात घालायचं. जागा कमी पडत असेल तर फोटो थोडा लहान केला तरी चालेल.

आपली,
एक नियमित वाचक