खालच्या कवळीबद्दल

पुणे,
७ डिसेंबर

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबांना लगेच "आवाज कटून राहिला" होतं आणि फोन आईच्या हातात जातो. आई म्हणते, "तूच सांग बाई त्यांना." म्हणून पत्र. ते मध्येच आईकडे देता येत नाही.

बाबा, दिवाळीत नागपूरला आले तेव्हा चार दिवस मी तुमच्या ताटाकडेच बघत होते. तुम्ही संत्र्याची फोड तोंडात धरता, रस ओढून घेता आणि चोथा ताटलीच्या कडेला ठेवता. एका संत्र्याचे दहा चोथे, एका ओळीत. चकली चहात बुडवून. भाकरी दुधात कुस्करून. आणि जेवण रंगात आलं की डावा हात हळूच तोंडाशी जातो, खालची कवळी रुमालात येते आणि रुमाल खिशात. तुम्हाला वाटतं कोणी पाहत नाही. तुमची सहा वर्षांची नातसुद्धा पाहते.

आधी माझी चूक कबूल करते. तीन वर्षांपूर्वी जाहिरात पाहून मीच तुम्हाला त्या चकचकीत दवाखान्यात नेलं होतं. 'एका दिवसात नवे दात', आजच पैसे भरले तर सूट, आणि तोंड नीट तपासायच्या आधीच हप्त्यांचा कागद पुढे. तुम्ही खुर्चीवरून उठून चालते झालात आणि मी बर्डीपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. तुमचं बरोबर होतं. पण त्या एका दवाखान्यावरून सगळ्या इम्प्लांटवर, म्हणजे हाडात स्क्रू घालून बसवलेल्या दातांवर, काट मारलीत, ते मात्र बरोबर नाही.

धंतोलीच्या डॉक्टरांनी या वेळी स्कॅन काढून जे समजावलं, त्यातलं निम्मं तुम्ही मुद्दाम ऐकलं नाहीत. वरची कवळी तुम्हाला त्रास देत नाही, कारण ती अख्ख्या टाळूला चिकटून बसते. खालच्या कवळीला टाळू नाही. नालेसारखी एक पट्टी, मध्ये सतत हलणारी जीभ, आणि खाली आधाराला हिरडीचा उंचवटा. तोही झिजत चाललेला. दातांची मुळं असेपर्यंत जबड्याच्या हाडाला काम असतं. दात काढले की हाड वर्षानुवर्षं विरघळत जातं, आणि खालच्या जबड्याचं वरच्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून दरवेळी नवी कवळी दोन वर्षांत ढिली होते. करणाऱ्याचा दोष नाही, पायाच खचतो आहे. तुमच्याच भाषेत सांगायचं तर काळ्या मातीवरचं घर.

इम्प्लांट म्हणजे त्या घराला खांब. टायटॅनियमचे स्क्रू हाडात बसवतात आणि काही महिन्यांत हाड त्यांना घट्ट धरतं. हे सापडलं तेही योगायोगाने. १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. काम झाल्यावर टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले तर ते निघेचना, हाडाने धरून ठेवलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. त्या माणसाने पुढे चाळीस वर्षं त्यावरच जेवण केलं. तेव्हा "हे नवीन फॅड आहे" हा मुद्दा बाद.

तुमच्यासाठी डॉक्टर म्हणतात, फक्त खालचा जबडा, चार स्क्रू. पुढचे दोन सरळ, मागचे दोन तिरके. तिरके अशासाठी की खालच्या ओठाला संवेदना देणारी शीर हाडातून जिथे बाहेर येते, ती जागा टाळायची. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो. स्कॅन त्यासाठीच काढला होता, बिल वाढवायला नाही. या चार स्क्रूंवर अख्खी खालची बत्तीशी नटासारखी घट्ट करतात. ती तुम्हाला काढता येणार नाही, डॉक्टरांना येईल. म्हणजे रात्री वाटीत पाणी घालून, वर चाळणी झाकून ठेवणं बंद.

आता यातल्या कुरबुरी, ज्या जाहिरातीत नसतात. स्क्रू पुरेसे घट्ट बसले तर तात्पुरते दात एक-दोन दिवसांत लागतात. पण हाड धरेपर्यंत दोन-तीन महिने मऊच खायचं. तोंडात दात दिसतायत म्हणून चणे फोडायला गेलात तर स्क्रू हलेल आणि सगळं मुसळ केरात. पक्के दात त्यानंतर. खालची बाजू भक्कम झाली की वरच्या कवळीवर जास्त जोर येईल, तीही कधीतरी पुन्हा नीट करून घ्यावी लागेल. आणि सफाई. या दातांना कीड लागत नाही, पण स्क्रूभोवतीची हिरडी सुजून खालचं हाड हळूहळू जाऊ शकतं, तेही न दुखता. दातांच्या पट्टीखाली बारीक ब्रश रोज फिरवावा लागेल. तुमच्या बोटांना सकाळी जो आखडलेपणा असतो, त्याचीच मला काळजी आहे. पाण्याच्या धारेने साफ करायचं यंत्र मी घेऊन येते, पण यंत्र कपाटात ठेवून चालत नाही. रक्तदाबाच्या यंत्राचं काय झालं ते आईला विचारा.

हे जमणार नाही वाटलं तर दुसरा रस्ता आहे. दोनच स्क्रू आणि त्यावर टिचबटणासारखी बसणारी कवळी. रात्री काढायची, सकाळी लावायची. खर्च बराच कमी. हा काही गरिबाचा पर्याय नव्हे. २००२ मध्ये कॅनडात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिली निवड हीच असावी असं म्हटलं होतं. मला विचाराल तर फिक्सच घ्या. तुमच्या हातात आलेली कवळी रुमालात जाते, हा अनुभव आहे. पण दोन्हीपैकी काहीही केलंत तरी माझं भांडण संपलं. विश्वास बसत नसेल तर स्कॅन घेऊन मेडिकलच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवू. सरकारी माणसाचं तुम्हाला पटतं.

बाबा, तुमची तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) उन्हाळ्यात ८.४ होती, आता ७.२ आहे. डॉक्टर म्हणाले, एवढी चालेल, वर जाऊ देऊ नका. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. त्याचं हृदयवाले आणि दातवाले डॉक्टर आपसात ठरवतील.

आणि खर्रा, तो तंबाखू-सुपारीचा. बाबा, स्कूटरच्या डिक्कीत, पावत्यांच्या खाली, रबर लावलेली पन्नी होती. अर्धी संपलेली. दात नसताना तुम्ही तो गालात धरून ठेवता हे मला कळत नाही असं समजू नका. तंबाखूने हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही, स्क्रू धरत नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा "सोडला" म्हणालात आणि मी गप्प बसले. पुढच्या वेळी बसणार नाही. गालाची आतली बाजूही त्यांना दाखवायची आहे, दातांचं होवो न होवो.

पैशाचं: एका जबड्याचे अडीच लाख सांगितलेत. निम्मे मी, निम्मे दादा, आमचं बोलणं झालं आहे. "या वयात काहून एवढा खर्च" हे वाक्य आधीच वापरून झालंय, नवीन शोधा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तुम्ही गच्चीवर दोन कूलर एकट्याने उतरवता.

आई, तुझ्यासाठी एकच. तुझं हाडांसाठीचं वर्षाचं इंजेक्शन चालू आहे. कधी दात काढायची वेळ आली तर खुर्चीवर बसायच्या आधी डॉक्टरांना ते सांग. त्या औषधावर असताना दात काढल्यावर क्वचित जबड्याचं हाड भरून यायला फार त्रास होतो. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. बाजारात सोले आले असतील, भात कर. बाबांचा वाटा मिक्सरमधून काढतेस ते मला माहीत आहे. सध्या काढ.

मी २० तारखेला सकाळी पोचते. २२ ला धंतोलीची वेळ घेतली आहे, अकराची.

चिनूचा आजी-आजोबांना नमस्कार.

तुमची,
मीनू

ता. क. बाबा, खालची कवळी सोबत आणायची आहे, मापासाठी डॉक्टरांना लागेल. मामाच्या लग्नातल्यासारखी नॅपकिनमध्ये गुंडाळू नका. ती उष्ट्या पत्रावळींबरोबर गेली होती आणि आपण चौघं रात्री बारापर्यंत टॉर्च घेऊन मंगल कार्यालयामागे शोधत होतो. डबीत ठेवा.