शाळेच्या संगणकात 'ज्योती' नीट लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांना स्मार्ट टीव्ही मिळाल्याच्या, हजेरी ऑनलाइन झाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात मी आवर्जून वाचतो. मी स्वतः कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत शिकलो, त्यामुळे आपल्या शाळांत काही नवं आलं की मनापासून बरं वाटतं. पण गेली बारा वर्षं मी झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान चालवतो. तिथे बसून या बदलाची जी बाजू रोज दिसते, ती कुणीतरी लिहायला हवी म्हणून हे पत्र.

गेल्या जुलैत पावसाची झड लागली होती. जांबोटीकडची एक बाई मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आली. कागद भिजू नयेत म्हणून तिने ते दोन कॅरीबॅगांत गुंडाळून पोटाशी धरले होते. राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर मुलाचा सॅट्स क्रमांक (राज्याच्या संगणकातल्या विद्यार्थी-नोंदीचा नंबर), आईवडिलांचं आधार, जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आरडी नंबर, म्हणजे त्या दाखल्याचा क्रमांक लागतो. नाडकचेरीत, म्हणजे हे दाखले देणाऱ्या महसूल कार्यालयात खेपा घालून तिने हे सगळं जमवलं होतं. तरी अर्ज पुढे सरकेना. मुलीचं नाव ज्योती. आधारवर इंग्रजीत शेवटी 'टी-आय', शाळेच्या नोंदीत 'टी-एच-आय'. आधारवर मुलीचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी पूर्ण तीन नावं, शाळेकडे मात्र नावापुढे एकच अक्षर. "दादा, आता आणि काय लागतंय?" तिने विचारलं. ही तिची तिसरी खेप होती. बायकांसाठीच्या शक्ती योजनेमुळे सरकारी बसला तिकीट पडत नाही हे खरं, पण भातलावणीच्या दिवसांत एका खेपेला एका दिवसाची मजुरी जाते.

यात मुद्दाम कुणी चूक केलेली नाही, हे मला आधी सांगायचं आहे. कर्नाटकात इंग्रजीत लिहिताना 'त'साठी 'टी-एच' लिहायची पद्धत आहे, आपण मराठी माणसं नुसता 'टी' लिहितो. गीता, सविता, ज्योती या सगळ्या तिथेच अडकतात. 'ज्ञ'चं तर विचारूच नका. आपण ज्ञानेश्वर 'डी-एन-वाय'ने लिहितो, कन्नड वळणाने तो 'जे-एन'ने सुरू होतो. वारकऱ्यांच्या या मुलखात ज्ञानेश्वर आणि ज्ञानेश्वरी घरोघरी आहेत. एका घरी वडील 'डी'ने आणि मुलगा 'जे'ने, असे कागद मी स्वतः पाहिलेत. दाखल्यावर नाव कन्नडमध्ये असतं, पुढच्या टेबलावर कुणीतरी त्यावरून इंग्रजी करतं, आणि आईने ठेवलेलं नाव तिथे बदलतं. वहीवर चालत होतं तोवर गुरुजी मुलाला ओळखत होते, एका अक्षराने काही बिघडत नव्हतं. संगणक मुलाला ओळखत नाही, तो अक्षरं जुळवतो.

आता एकेका मुलाला किती नंबर झाले ते बघा. राज्याचा सॅट्स, शाळांच्या माहितीसाठीच्या केंद्राच्या यूडायस प्लसमधला पेन हा विद्यार्थी क्रमांक, १२ अंकी आधार, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आलेला अपार हा १२ अंकी विद्यार्थी ओळख क्रमांक. अपार काढायचा तर शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव एकच हवं. म्हणजे जी चूक पहिलीच्या प्रवेशाला झाली, ती सगळीकडे मुलाच्या मागे येते. दहावीच्या गुणपत्रिकेवर तीच छापली गेली की मग वकील, प्रतिज्ञापत्र, जाहिरात. पुण्याला किंवा गोव्याला नोकरीला गेलेली पोरं सुट्टी काढून त्यासाठी माझ्या दुकानात येऊन बसतात.

मुख्याध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. दोन शिक्षकांची शाळा, त्यातला एक अतिथी शिक्षक, चार वर्ग एका खोलीत. कणकुंबी किंवा भीमगडच्या जंगलातल्या गावांकडे तर रेंज मिळेल तिथवर चालत जाऊन माहिती पाठवावी लागते. एका बाईंनी मला सांगितलं, "मुलं पाढे म्हणत असतात आणि मी खिडकीत फोन धरून उभी असते." हे काम शिक्षकांचं नव्हेच. दर क्लस्टरला, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटाला, एक माहिती भरणारा माणूस द्यायला हवा, तोही मराठी आणि कन्नड दोन्ही वाचणारा.

टीव्हीचंही सांगतो. आमच्या शाळेला माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून मोठा टीव्ही दिला. त्यात मीही होतो. बाईंनी त्याला शिवून घेतलेलं निळं आवरण आहे, खडूची धूळ बसू नये म्हणून. दुपारी जेवण झाल्यावर चौथीची मुलं ते आवरण दोघं मिळून हळूच काढतात, घडी घालून टेबलावर ठेवतात. पण त्यावर लावायचं काय? आपली पुस्तकं कर्नाटकच्या पाठ्यपुस्तक सोसायटीची, भाषा मराठी आणि अभ्यासक्रम कर्नाटकचा. यूट्यूबवर मराठी पाठ शोधले की महाराष्ट्राच्या बालभारतीचे येतात, त्यांचे धडे वेगळे, क्रम वेगळा. कर्नाटकच्या धड्यांवरचे व्हिडिओ चांगले आहेत, पण कन्नड किंवा इंग्रजीत. सहावीच्या मराठी विज्ञानाच्या पुस्तकातला एक क्यूआर कोड मी स्वतः स्कॅन केला, आतला व्हिडिओ कन्नडमध्ये निघाला. मुलं कन्नड शिकतात, शिकायलाच हवं, माझा मुलगा माझ्यापेक्षा चांगलं कन्नड बोलतो. पण प्रकाशसंश्लेषण पहिल्यांदा समजून घेताना ते त्याला त्याच्या भाषेत मिळायला हवं. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं संविधानाचं कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांबाबत स्पष्ट सांगतं. मुलं आता पडद्यावर शिकत असतील, तर ती सोय पडद्यावरही हवी.

हे होण्यासारखं आहे. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींसमोर कन्नड बोलणारी मुलं होती आणि पुस्तकं मराठीत. गुरुजी कन्नड शिकले, पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली, त्यांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. आमच्याकडची गोष्ट नेमकी उलटी आहे, म्हणून तिचं उत्तरही तेच आहे. बेळगाव आणि चिक्कोडी या दोन शैक्षणिक जिल्ह्यांत इतके अनुभवी मराठी शिक्षक आहेत. प्रत्येकाने आपल्याला उत्तम येणारा एक धडा मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि शिक्षण खात्याने तपासून तो दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवर कर्नाटकच्या मराठी माध्यमाखाली ठेवला, तर आमच्या टीव्हीला काम मिळेल. रेकॉर्डिंगसाठी माझं दुकान रविवारी मोकळं असतं, माईकही आहे.

नावाच्या बाबतीत तर यंत्राची काही अडचणच नाही. मी दिवसभर भारतीय लिप्यांसाठीच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करतो. मराठीचा 'क' ज्या बटणावर आहे, त्याच बटणावर कन्नडचा 'क' आहे. 'त', 'ज', 'ळ' तसेच. भाषा बदलायची, बोटं तीच. संगणक बनवणाऱ्यांनी या दोन लिप्यांचं नातं कधीच ओळखलं आहे. सॅट्समध्ये मराठी शाळांसाठी देवनागरीत नाव लिहायचा एक रकाना द्यावा, आणि इंग्रजी स्पेलिंग आधारवरूनच जसंच्या तसं उचलावं, कन्नडवरून नव्याने करू नये. पहिलीच्या प्रवेशावेळी पालकांना त्या नोंदीची प्रिंट वाचायला द्यावी आणि त्यांची सही घेऊनच ती पक्की करावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावी.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती. मेअखेरीला शाळा सुरू होताना तुम्ही प्रवेशाची माहिती छापता. तिच्याबरोबर एक छोटी चौकट द्यावी: मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का, ते प्रवेशाच्या दिवशीच शाळेत तपासा. आमच्या एसडीएमसीने, म्हणजे पालकांच्या शाळा समितीने यंदा तसं ठरवलं आहे. प्रवेशाच्या दिवसांत मी लॅपटॉप घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसणार आहे. ज्योतीची धाकटी बहीण यंदा पहिलीत येते आहे.

आपला वाचक,
एक एसडीएमसी सदस्य, खानापूर (जि. बेळगाव)