चाळिशी काढण्याआधी धंदा तरी विचारा

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीत जवळचा चष्मा घालवण्याच्या शस्त्रक्रियांवर अर्धं पान आलं आहे. लेसर, बुबुळावरचे उपचार, डोळ्यातलं भिंग बदलणं, सगळं आहे. रात्री काय दिसतं यावर एक ओळ नाही.

माझा धाकटा भाऊ पिंपळगाव बसवंतहून द्राक्षं, हंगाम संपला की कांदा, स्वतःच्या गाडीने वाशीला नेतो. रात्री निघायचं, कसारा घाट उतरायचा, पहाटे बाजार समितीत. ५२व्या वर्षी त्याला बिल्टीवरचे, म्हणजे मालाच्या पावतीवरचे, आकडे दिसेनात. मोतीबिंदू नव्हता. शहरातल्या एका रुग्णालयात सांगितलं, भिंग काढून तीन अंतरांचं नवं बसवू, चष्मा सुटेल. दोन्ही डोळे झाले. बिल्टी तो आता बिनचष्म्याची वाचतो, हे मी नाकारत नाही. पण समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती त्याला कडी दिसतात. हे भिंग प्रकाश लांब, मधलं आणि जवळ असा वाटून टाकतं, त्यामुळे अंधारात सगळं पुसटही होतं. बऱ्याच जणांना काही महिन्यांत सवय होते म्हणतात. भावाला दीड वर्ष झालं. एका रात्री घाटाच्या वळणावर समोर एक ट्रक आहे की दोन मोटारसायकली, हे कळेना, तेव्हा त्याने गाडी कडेला लावली आणि मला फोन केला. साडेतीन वाजले होते. तेव्हापासून गाडीवर पगारी ड्रायव्हर आहे. काढलेलं भिंग परत बसत नाही.

ऑपरेशनआधी त्याला कुणी धंदा विचारला नाही. माझा राग त्याचा आहे.

एक डोळा लांबचा आणि एक जवळचा करण्याबद्दलही तुम्ही लिहिलंत. त्यात अंतराचा अंदाज कमी होतो. पण आधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स लावून बघता येतं, नाही जमलं तर लेन्स काढून ठेवायची. एवढं छापायला दोन ओळी लागल्या असत्या. बुबुळात बसवायच्या चकतीचं कौतुक आहे. अमेरिकेत २०१६ साली मंजूर झालेली अशी एक चकती बुबुळ धुरकट होतं म्हणून पुढे परत मागवावी लागली, हे नाही.

आणि आणखी एक. तुमच्या अंकातल्या जाहीर नोटिसांचा टाइप मोठा करा. हरकतीची मुदत त्याच बारीक मजकुरात असते. आमच्या शेजारच्या जमिनीच्या गटाची नोटीस मला चष्म्यावर भिंग धरून वाचावी लागली, तोवर मुदतीचे दोनच दिवस उरले होते.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक